नदी उलटली तर

'शीतळा किळस सोडते, उरते रायगडातले गाव.' अक्षरे दोन. पहिल्या वाचनात डोळ्यांपुढे चौलची शीतळादेवी येते आणि मन देवळांच्या, जत्रांच्या वाटेने चालू लागते. कोडेकाराला नेमके तेच हवे असते. शब्द मात्र निराळेच काही सांगत असतात. किळस आली की मराठी माणूस 'शी' म्हणतो. 'शीतळा'ने 'शी' सोडली की 'तळा' उरते, आणि तळा हे रायगड जिल्ह्यातले गाव आहे. क्लूचा पहिला भाग उत्तराची घडण सांगतो, दुसरा भाग त्याचा अर्थ सांगतो. दोन वेगळ्या वाटांनी निघून आपण एकाच गावात पोहोचतो, आणि वाटेत एकही शब्द फालतू पडत नाही. गूढ शब्दकोड्याचे मर्म या दुहेरी खात्रीत आहे. चकवा हे त्याचे रूप झाले, पुरावा हा त्याचा प्राण. म्हणूनच मराठीत अशी कोडी रुजायची असतील तर उत्तराबरोबर त्याचा उलगडाही छापला गेला पाहिजे.

पुरावा म्हणजे काय, हे तळ्याजवळच्या कुडा लेण्यांत चांगले समजते. तिथल्या ब्राह्मी लेखांत महाभोज घराण्यातल्या दात्यांबरोबर माळी, वैद्य, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी अशा माणसांची दाने नोंदलेली आहेत. ही लिपी कित्येक शतके कुणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीची उकल पूर्ण केली, आणि ती जगाने मानली ती त्याच्या अधिकारामुळे नव्हे. एका लेखात अक्षराला दिलेला उच्चार दुसऱ्या लेखातही बसत गेला आणि अर्थ लागत गेला, म्हणून ती टिकली. महानुभाव पंथाच्या सकळ लिपीची गोष्ट वेगळी. तिथे किल्ली पंथाच्या हाती होती, बाहेरच्याने कितीही डोके चालवले तरी पोथी बंदच. चांगल्या क्लूची किल्ली त्या ओळीतच ठेवलेली असते. सांकेतिक लिपी परक्याला बाहेर ठेवते, क्लू अनोळखी वाचकालाही आत घेतो.

१९१३ साली आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आले, तेव्हा त्यात सरळ अर्थ विचारलेले होते. इंग्लंडमध्ये १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये टॉर्केमाडा या टोपणनावाने कोडी येऊ लागली आणि गूढ क्लूंना बहर आला. पण न्यायाचे नियम हळूहळू बांधले गेले. आफ्रिट आणि झिमेनिझ या कोडेकारांचा आग्रह असा की वाचकाला खुशाल चकवावे, पण शब्दशः वाचल्यावर ओळ खरीच निघाली पाहिजे. झिमेनिझ यांनी १९६६ च्या पुस्तकात या शिस्तीची नीट मांडणी केली.

ही शिस्त नसली की काय होते, याचा दाखला मुंबईत आहे. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातली आर. एम. डी. सी. या कंपनीची बक्षिसाची शब्दकोडी मुंबई राज्यात खपत होती. राज्याने त्यांच्यावर कर बसवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ एप्रिल १९५७ च्या निकालाने ही स्पर्धा जुगारात काढली. संपादकाने आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळणे हा नशिबाचा भाग होता. केंद्राच्या १९५५ च्या कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांवरच्या बक्षिसांना बंदी घातली होती. त्याच दिवशी दुसऱ्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धांना तो कायदा लागू नाही. कौशल्य आणि नशीब यांतली सीमा कोडेकाराला दुसरीकडे शोधायला नको. 'हेच उत्तर का?' याला ओळीतूनच जवाब मिळाला तर ते कौशल्य. 'संपादक म्हणतात म्हणून' एवढाच जवाब असेल तर तो सट्टा.

आक्षेप असा की हा इंग्रजीचा खेळ, मराठीला तो मानवणार नाही. आपल्या अलंकारशास्त्रात सभंग श्लेष आहे, म्हणजे शब्द फोडून दुसरा अर्थ काढणे. शीतळेतून 'शी' वेगळी करणे याहून फार वेगळे नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मराठी शब्दांत अक्षरे थोडी, त्यामुळे अक्षरांची उलथापालथ करायला जागा कमी. हे खरे आहे. पण मराठी चौकटीतल्या एका घरात काना-मात्रेसकट पूर्ण अक्षर बसते, म्हणून आडवा-उभा शब्द जिथे छेदतो तिथे व्यंजन आणि स्वर दोन्ही एकदम हाती येतात. उलटवण्यातही हे अक्षर अखंड राहते. 'नदी उलटली तर गरीब': न, दी, दी, न, दीन. 'काम उलटले की पीक': मका. राहिला विभक्तीचा प्रश्न. 'शीतळेने किळस सोडली' असे लिहिले तर 'शीतळा' हे रूपच हरवते आणि क्लू खोटा ठरतो. तेवढी काळजी घ्यावीच लागते. पण तीच विभक्ती नवे दारही उघडते. 'तळ्याला' म्हटले की ते गाव की पाण्याचे तळे, हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही. सामान्यरूपाने दिलेला हा श्लेष कोडेकाराने वापरायलाच हवा.

शेवटचा आक्षेप रसिकांचा असतो: उलगडा सांगितला की गंमत संपते. संपते खरी, पण उत्तर शोधण्याआधी सांगितला तर. शोधून झाल्यावर, किंवा हरल्यावर, उलगडा वाचणारा माणूस एका क्लूवरून पुढचे दहा सोडवायला शिकतो. नुसते 'तळा' छापले तर त्याला एक गाव कळते. 'शीतळा वजा शी' छापले तर एक रीत कळते, आणि संपादकाच्या शब्दावर विसंबण्याची गरज उरत नाही. कोडे चुकले असेल तर तेही वाचकाला तिथेच पकडता येते. कोडेकाराने वाचकाला दिलेला हा सर्वांत मोठा मान आहे.