कचऱ्याचे मोल आणि शेअरचा भाव

कचऱ्यापासून पुन्हा माल बनविणाऱ्या कंपन्यांत पैसे गुंतवावेत काय, हा प्रश्न आता पोशीरसारख्या गावच्या गृहस्थालाही पडू शकतो. धंदा खरा आहे. प्लॅस्टिकच्या वेष्टनाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम केंद्र सरकारने २०२२ साली केले. पण धंदा खरा म्हणून शेअरचा भावही खरा, असे मात्र नव्हे.

लहान कंपनीचे शेअर बाजारात थोडेच फिरतात. चार मंडळी संगनमताने ते आपापसांत घेतात-विकतात; भाव चढतो. मग नव्या यंत्राची, मोठ्या कराराची आवई उठते. लोक धावतात, आणि हीच मंडळी चढ्या भावाने विकून मोकळी होतात. सेबीच्या २००३ च्या नियमांनी हा गुन्हा ठरविला आहे. तरी बुडालेला पैसा सहसा परत येत नाही.

मुंबईने हे पूर्वीच पाहिले आहे. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा पैसा आला आणि समुद्र हटवू पाहणाऱ्या बॅकबे कंपनीचा शेअर मूळ किमतीच्या कित्येक पट चढला. १८६५ साली यादवी संपली, भाव कोसळले. पुढे विसाव्या शतकात तेथे भराव पडलाच. कल्पना खोटी नव्हती, भाव खोटा होता.

म्हणून आम्ही सुचवितो : वार्षिक अहवालात कचरा किती टन आला, माल किती विकला, पैसे हाती आले काय, हे आधी पाहावे. भंगारवालाही तराजू लावल्यावाचून रद्दी घेत नाही.