यवतमाळात समुद्राचं पाणी

यवतमाळहून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर सारखेच लांब. कुठल्याही बाजूनं मोजा, सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांहून जास्त अंतर भरतं. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच, पायाखाली काळा पाषाण आणि मे महिन्यात पारा 44-45 वर. अशा गावात घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटलं, की जो तो आधी विचारतो, मासे कुठून आणणार? मासे सगळ्यात शेवटी येतात आणि त्या मानानं सहज येतात. घाम निघतो तो पाण्यापायी.

टाकी मी 3 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी घेतली. काठोकाठ भरली तर 190 लिटर, पण वरची जागा सोडून आणि दगड-वाळू धरून प्रत्यक्षात पाणी राहतं 160 लिटरच्या आसपास. नवख्या माणसाला लहान टाकी सोपी वाटते. खाऱ्या पाण्यात उलटं आहे. पाणी जितकं थोडं, तितकं ते लवकर तापतं, लवकर आटतं आणि लवकर बिघडतं. पाणी, काच आणि दगड मिळून अडीचशे किलोच्या वर वजन होतं, त्यामुळे स्टँड दणकट हवा. लोखंडाला खारं पाणी महिन्याभरात गंज धरवतं. आपल्या जिल्ह्यात सागवानाची कमी नाही. सुताराकडून सागाचा स्टँड करून घेतला, पाणसळ लावून चारी कोपरे तपासले आणि काचेखाली थर्माकोलची शीट अंथरली.

आता पाणी. आमच्या बोअरच्या पाण्यात मीटर बुडवला की टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, 700 च्या पुढे जातं. जिल्ह्याच्या पांढरकवडा, झरी जामणी भागातल्या भूजलातल्या फ्लोराइडची चर्चा नेहमी होते, आणि माणसांच्या हाडा-दातांसाठी ती काळजी अगदी खरी आहे. टाकीपुरतं बघितलं तर फ्लोराइड समुद्राच्या पाण्यातही मुळातच असतं. तिथं छळतं ते नायट्रेट. शेतातल्या खतांचं आणि सांडपाण्याचं नायट्रेट जमिनीत मुरतं, बोअरमधून वर येतं आणि टाकीत शेवाळाला खाद्य मिळतं. म्हणून आरओ लागतो आणि त्याच्यापुढे रेझिनची नळी, म्हणजे मीटरवर शून्य दिसतं. पण एक बादली शुद्ध पाण्यामागे तीनेक बादल्या पाणी आरओ बाहेर टाकतो. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटल्यावर या शहरानं जे दिवस पाहिले, ते पाहिलेल्या घरात हे पाणी मोरीत सोडून देणं जमत नाही. ते फरशीला, संडासाला वापरतो.

त्याहून बरा उपाय पावसाचा आहे. मृगाचं पहिलं पाणी स्लॅबवरची धूळ धुऊन जाऊ द्यायचं आणि आर्द्रा-पुनर्वसूचं धरायचं. गाळलेल्या पावसाच्या पाण्याचा टीडीएस इतका कमी असतो, की रेझिन दुपटीनं टिकतं. मात्र कपाशीवर फवारणी सुरू झाली की मी पाणी धरणं थांबवतो. कीटकनाशक किड्यांसाठी बनवलेलं असतं आणि टाकीतली कोळंबी शरीररचनेनं किड्यांच्या जवळची. हवेतून आलेला अंशही तिला पुरतो. साठवणीचा ड्रमही नवाच घ्यावा. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या वापरलेल्या निळ्या ड्रममध्ये आधी काय होतं, ते कोणी सांगत नाही.

मीठ म्हटलं की हमखास सुचवलं जातं, खडे मीठ का टाकत नाही, तेही समुद्राचंच ना? उरण-भाईंदरच्या मिठागरांत काय होतं ते बघितलं की याचं उत्तर मिळतं. पाणी आटत जातं तसा आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, मग मीठ धरतं आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं. म्हणजे आपल्या हाती येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1300 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. ते सगळं परत जुळवलेलं तयार मिश्रण पिशवीतून येतं आणि या छंदात सतत खर्च होतो तो त्यावर. लिटरला 35 ते 38 ग्रॅम धरलं, तर पहिल्या भरणीलाच सहा किलोच्या आसपास जातं.

घालण्याची एक रीत आहे. आधी पाणी, त्यात पंप फिरता ठेवायचा आणि मग मुठीमुठीनं मीठ सोडायचं. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून खाली बसतात आणि ती पांढरी साय पुन्हा विरघळत नाही. सुरुवातीला पाणी ताकासारखं दिसतं, रात्रभर फिरलं की सकाळी ड्रमचा तळ लख्ख दिसतो. मग रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं आणि मध्ये एक रेघ. ती 1.025 वर आली, की लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार, म्हणजे खुल्या समुद्राइतके. मरीन ड्राइव्हवर 1951 साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र रस्त्यापलीकडे होता. आपल्याला तो ड्रममध्ये करावा लागतो आणि पहिल्यांदा रेघ बरोबर जागी बसलेली दिसते तेव्हा मनापासून आनंद होतो.

दगडांचा प्रश्न वेगळा. परदेशी पुस्तकं जिवंत खडक, म्हणजे समुद्रातून उचललेला जिवाणूंनी भरलेला प्रवाळखडक, आणायला सांगतात. आपल्याकडे 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रघोडाही आहे. भारतीय किनाऱ्यावरून प्रवाळखडक उचलणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. म्हणून कोरडे सच्छिद्र दगड आणि सिरॅमिकचे तुकडे वापरायचे. मला मोह झाला होता तो वणी-मुकुटबनच्या चुनखडीचा. तिथं आज सिमेंट होतं, पण ती चुनखडी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाशी साचलेली आहे. आपल्या जिल्ह्याला समुद्र नवा नाही. तो दगड हातात घेतला की गच्च लागतो, त्याला भोकं नाहीत. टाकीत दगड हवा तो जिवाणूंच्या घरासाठी आणि अशा घट्ट दगडात त्यांना पोटात शिरता येत नाही.

या जिवाणूंची वाट बघणं हा सगळ्यात लांबणारा टप्पा. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. खाऱ्या पाण्याचा सामू (पीएच) 8.2 च्या आसपास असतो आणि सामू वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो. गोड्या पाण्यात जे खपून जातं ते इथं मासा मारतं. म्हणून मासा न घालताच मोजून अमोनिया टाकायचा आणि परीक्षानळीतला रंग बघत राहायचं. आधी अमोनियाची नळी गडद हिरवी, मग ती पिवळी पडत जाते आणि नायट्राइटची निळी नळी जांभळी होते. शेवटी तीही पुन्हा निळी होते. चार ते सहा आठवडे लागतात. याच काळात काचेवर तपकिरी थर चढतो आणि घरचे लोक हळहळतात. तो थर आपोआप ओसरतो, त्याच्यावर औषध टाकू नये.

उन्हाळ्याची धास्ती सगळ्यांनी घातली होती, पण तिथं विदर्भाची कोरडी हवा मदतीला येते. पाण्यावर तिरपा छोटा पंखा लावला, की वाफ होताना पाणी गार होतं. खोली 36 अंशांवर असताना टाकी 28 च्या आसपास राहते. मुंबईच्या दमट हवेत पंख्याचा एवढा उपयोग होत नाही. बदल्यात रोज चारेक लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती साध्या शुद्ध पाण्याची, खाऱ्या पाण्याची कधीच नाही. त्याच खोलीत कूलर मात्र लावू नये, हवा दमट झाली की पंखा निकामी. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पहिला हक्क लाट करणाऱ्या पंपाचा, दिव्याचा नाही. खाऱ्या आणि गरम पाण्यात प्राणवायू कमीच मावतो, पंप बंद राहिला तर मासे रात्रीतून जातात.

मासे मी हॅचरीत जन्मलेलेच घेतो. क्लाउनफिशची पैदास भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं यशस्वी केली. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठाननं ऐरोलीच्या केंद्रात त्यांची उबवणी उभी केली. हे मासे टाकीतल्या तयार अन्नाला सरावलेले असतात, आणि आग्नेय आशियात काही ठिकाणी सायनाइड मारून प्रवाळातले मासे पकडतात, त्या धंद्याला आपला पैसा जात नाही. जोडीत मोठी असते ती मादी. जन्माला सगळे नरच येतात आणि त्यातला वरचढ पुढे मादी होतो.

मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात निघालेली पिशवी धामणगाव स्टेशनवर उतरते, तिथून यवतमाळ. एवढ्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साचतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे सामू उतरलेला असतो, म्हणून मासा तगतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. तासभर थेंबथेंब पाणी मिसळत बसायची सर्वमान्य पद्धत दुकान शेजारी असेल तर ठीक. लांबच्या माशाला ती घातक. मी दुकानदाराला आधीच फोन करून त्याच्या पाण्याचा खारटपणा विचारतो. बहुतेकदा 1.020 सांगतात. वेगळ्या लहान टाकीत तेवढंच पाणी तयार ठेवायचं, बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवायचं आणि उघडल्याबरोबर मासा उचलून आत. पिशवीचं पाणी फेकून द्यायचं. त्या टाकीत काही आठवडे राहून अंगावर पांढरे ठिपके दिसले नाहीत, हळूहळू खारटपणा 1.025 वर आला, की मग मोठ्या टाकीत.

दोन क्लाउनफिश, कोळंबी आणि काही गोगलगायी एवढंच टाकीला सध्या पुरे. नॅशनल जिऑग्राफिकवर दिसणारा निळा सर्जनफिश सगळ्यांना हवा असतो, पण तो फूटभर वाढतो आणि 3 फुटांत त्याला वळायलाही जागा नाही. मी कोणाला तो सुचवत नाही. एका गोबी माशाची जागा राखून ठेवली आहे. दिवाळीनंतर गाडीच्या डब्यातली उष्णता उतरली, की दुकानदाराला फोन करायचा.