नकाशावरील पाटी आणि शेतमालाची विक्री

मावळच्या शेतकऱ्यास पिकविण्याची विद्या शिकविण्याची गरज नाहीं. आंबेमोहोराची कीर्ति जुनी आहे. वडगांव मावळच्या कृषि संशोधन केंद्रांतून १९८७ सालीं प्रसृत झालेल्या इंद्रायणीनें तींत भर घातली. विक्रीची बाजू मात्र अद्याप लंगडी आहे. गिऱ्हाईक नाहीं असें नाहीं. १८६३ सालीं खंडाळ्याच्या घाटांतून आगगाडी सुरू झाली, २००२ सालीं द्रुतगति महामार्ग पूर्णपणें खुला झाला, आणि आतां लोणावळा, कार्ला, लोहगड व पवना धरण पाहण्यास येणाऱ्यांची रीघ लागलेली असते. जातांना चार किलो तांदूळ न्यावा, एखादी रात्र मळ्यांत काढावी, असें त्यांतील पुष्कळांस वाटतें. परंतु हा प्रवासी वेशीवरच्या माणसास विचारीत नाहीं, हातांतील मोबाईलला विचारतो. तेथें ज्याची पाटी दिसेल त्याच्याकडे गाडी वळते. इतरांचा माल दलालाच्या भावानें जातो.

जो शेतकरी गिऱ्हाइकास आपल्या जागीं प्रत्यक्ष भेटतो, त्यास गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद विनामूल्य करितां येते. जाहिरातीची गोष्ट निराळी. पण या नोंदीचा क्रम पैसे देऊन वर नेतां येत नाहीं, असें ती कंपनीच सांगते. सबब ‘पहिला क्रमांक मिळवून देतों’ म्हणून रक्कम मागणाऱ्यापासून दूर राहावें.

क्रम मुख्यत्वें तीन गोष्टींवरून ठरतो: विचारलेल्या वस्तूशीं नोंदीचा मेळ, विचारणाऱ्यापासूनचें अंतर आणि व्यवसायाची ख्याति. पैकीं अंतर आपल्या हातीं नाहीं. कामशेतच्या शेतकऱ्यानें नांवापुढें ‘लोणावळा’ जोडल्यानें त्याचें शेत लोणावळ्यास सरकत नाहीं. उलट, खऱ्या पाटीवर नसलेले शब्द नांवांत घालणें नियमबाह्य असून त्यामुळें नोंद स्थगित होण्याचा संभव असतो.

मेळ साधण्यासाठीं व्यवसायाचा वर्ग नेमका निवडावा. वर्णनांत इंद्रायणी, हातसडीचा तांदूळ, मुक्कामाची सोय, जें खरोखर असेल तें मराठी व इंग्रजी दोहोंत लिहावें. आंदर, नाणे व पवन मावळांतील वाड्यांवर ठिकाणाची खूण स्वतः तपासावी. ती एका शेतानें चुकली तरी गाडी दुसऱ्याच्या बांधावर जाते. नोंदीची खात्री पटविण्यासाठीं पुष्कळदां रस्ता, पाटी व जागा दाखविणारें चलच्चित्र मागतात. पावसाळ्यांत वाट बंद असल्यास नोंदींतही ‘बंद’ असें लिहावें. भर पावसांत येऊन कुलूप पाहिलेलें गिऱ्हाईक पुन्हां येत नाहीं.

ख्याति मात्र मालावरच उभी राहते. समाधान झालेल्या गिऱ्हाइकास अभिप्राय लिहिण्याची विनंति करावी. सवलतीचें आमिष दाखवून तो विकत घेऊं नये, कारण तेंही नियमाविरुद्ध आहे. प्रतिकूल अभिप्रायास सौम्य व खरें उत्तर द्यावें. भेसळीचा तांदूळ इंद्रायणी म्हणून विकणाऱ्याची अपकीर्ति हीच पाटी तितक्याच वेगानें पसरविते.

भातकापणीपूर्वीं एक संध्याकाळ या कामीं खर्च करावी. घरांतील शिकलेलीं मुलें तें सहज करितील. मात्र नोंदीचा ताबा, सातबाऱ्याप्रमाणेंच, शेतमालकाच्या स्वतःच्या नांवें असावा. परक्याच्या हातीं गेलेली पाटी परत मिळविणें हें गेलेला बांध परत मिळविण्याइतकेंच कठीण आहे.