ग्रंथाची नोंदणी आणि ओळख : नव्या स्वतंत्र प्रकाशकाच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

महाड तालुक्यातील शिवथरची घळ हे दासबोधाचे रचनास्थान मानले जाते. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही घळ प्रकाशात आणली. समर्थांनी सांगावे व कल्याणस्वामींनी लिहून घ्यावे, अशी ही परंपरा आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला असून अक्षराचे वळण, ओळींची मांडणी, पानाभोवती सोडावयाची जागा, शाई, बाडे बांधण्याचे साहित्य अशा बारीकसारीक गोष्टींचा विचार त्यात केलेला आढळतो. हस्तलिखिताच्या काळात ग्रंथाची ओळख त्याच्या प्रतीत असे. अमक्या मठातील, अमक्याच्या हातची प्रत एवढे सांगितले की पुरे.

मुद्रणाने ही ओळख पुसून टाकली. आज दासबोधावर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. तो कोणीही छापू शकतो आणि अनेकांनी छापलेला आहे. पोथीच्या आकारात, सार्थ, सटीप, निवडक समासांचा अशी त्याची कितीतरी रूपे आहेत. ग्रंथपालाने केवळ ‘दासबोध’ असे लिहून मागणी नोंदवली तर हाती काय येईल, हे सांगता येत नाही. ग्रंथाला ओळखक्रमांक का लागतो, याचे यापेक्षा सुलभ उदाहरण शोधण्याची गरज नाही.

शिवथरसारख्या खोऱ्यातून आज गावाचा इतिहास, लोकगीतांचे संकलन किंवा कवितासंग्रह स्वखर्चाने प्रसिद्ध करणारा शिक्षक हा खऱ्या अर्थाने प्रकाशक असतो. मात्र ‘पुस्तकाची नोंदणी’ म्हणजे आयएसबीएन मिळवणे, असा समज त्याच्यामध्येच नव्हे तर आपल्या महाविद्यालयांतही दृढ झालेला दिसतो. वस्तुतः ओळख, जतन आणि हक्क या तीन वेगळ्या बाबी असून त्या तीन वेगळ्या व्यवस्थांकडे सोपविलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

आयएसबीएन : स्वरूप व मर्यादा

१९६० च्या दशकात इंग्लंडमधील पुस्तकव्यापाराच्या सोयीसाठी नऊ अंकी क्रमांकाची कल्पना पुढे आली. १९७० मध्ये तिला दहा अंकी आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले आणि १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी झाला. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था १९८५ पासून हे काम पाहते. ही संस्था केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या उच्च शिक्षण विभागांतर्गत येते. २०१६ पासून अर्ज ऑनलाइन करावा लागतो. या क्रमांकासाठी शासन कोणतेही शुल्क आकारत नाही, ही गोष्ट ठळकपणे सांगावयास हवी, कारण त्यासाठी पैसे मोजणारे लेखक आजही भेटतात.

क्रमांकाची रचना पाहू. निव्वळ नमुन्यादाखल ९७८-८१-९१२३४५-०-३ हा क्रमांक घेऊ. ९७८ हा ग्रंथव्यवहाराचा उपसर्ग. ८१ हा भारताचा गट. भारताला ९३ हा दुसरा गटही मिळालेला आहे. पुढचे सहा अंक प्रकाशकाचे, त्यानंतरचा एक अंक त्या विशिष्ट पुस्तकाचा आणि शेवटचा तपासणीचा. प्रकाशक व पुस्तक यांना मिळून सातच अंक उपलब्ध असल्यामुळे प्रकाशकाचा क्रमांक जितका लांब तितकी पुस्तकांची जागा कमी. वरील नमुन्यातील प्रकाशकाला दहाच पुस्तकांची सोय आहे. थोडक्यात, जाणकार माणूस क्रमांकावरूनच प्रकाशकाच्या व्यापाचा अंदाज बांधू शकतो.

तपासणीचा अंक काढण्यासाठी पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ व ३ ने गुणून बेरीज करावी. येथे ती ११७ येते. पुढची दहाच्या पटीतील संख्या १२०, म्हणून शेवटचा अंक ३. एखादा अंक चुकीचा टंकलिखित झाला तर ही बेरीज जुळत नाही व चूक लक्षात येते. २००७ पूर्वीच्या दहा अंकी क्रमांकामागे नुसते ९७८ जोडून भागत नाही, कारण तेथे तपासणीची रीत निराळी होती. शेवटचा अंक नव्याने काढावा लागतो.

कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी व ई-पुस्तक यांना स्वतंत्र क्रमांक लागतात. मजकुरात महत्त्वाची भर घातलेल्या सुधारित आवृत्तीला नवा क्रमांक घ्यावा लागतो, तर मजकूर न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणास जुनाच चालतो. क्रमांक शीर्षकपृष्ठाच्या मागे छापावयाचा असल्याने अर्ज छपाईपूर्वीच करणे इष्ट.

येथे एका प्रथेकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. ‘आयएसबीएनसह छपाई’ असे सांगून काही मुद्रक स्वतःच्या नावावरील क्रमांक लेखकाच्या पुस्तकास देतात. असे झाले की नोंदीत प्रकाशक म्हणून त्या मुद्रकाचे नाव लागते. खर्च लेखकाचा, प्रती लेखकाच्या घरी, आणि जगाच्या दृष्टीने प्रकाशक तिसराच! लेखक स्वतःच्या नावे अर्ज करू शकत असताना ही तडजोड अनावश्यक आहे.

क्रमांक म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे. हा गैरसमज बळावण्यास आपली पदोन्नतीची व्यवस्थाही कारणीभूत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत स्थानिक प्रकाशकांच्या पुस्तकांपुढे आयएसबीएनचा उल्लेख आला आणि चर्चासत्रांच्या निबंधसंग्रहांनाही क्रमांक घेण्याची धावपळ सुरू झाली. २०१८ च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय व राष्ट्रीय प्रकाशक असे दोनच वर्ग राहिले, पण सवय गेली नाही. क्रमांक देणारी संस्था मजकूर वाचून तपासत नाही. ते तिचे कामही नव्हे.

अर्जात भरलेली माहिती मात्र दूरवर जाते. मराठी नावांच्या बाबतीत हा भाग नाजूक आहे. ‘शिवथर’ हा एकच शब्द रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिला जातो. लेखकाचे आडनाव कधी आधी, कधी शेवटी, वडिलांचे नाव कधी पूर्ण तर कधी आद्याक्षर. एकाच लेखकाची तीन पुस्तके तीन नावांखाली विखुरली गेली तर ती पुन्हा एकत्र आणणे अवघड जाते. स्वतःच्या व गावाच्या नावाचे एकच रोमन रूप ठरवून ते प्रत्येक पुस्तकास वापरणे, एवढी शिस्त नव्या प्रकाशकाने पाळली तरी पुष्कळ काम होईल.

कायद्यातील बदल आणि जतनाचा प्रश्न

१८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियमानुसार पुस्तकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि ठिकाणे छापणे बंधनकारक होते. छापून झालेल्या पुस्तकाच्या प्रती मुद्रकाने शासनाकडे द्यावयाच्या व शासनाने त्यांची सूची ठेवावयाची, अशी व्यवस्था होती. हेतू देखरेखीचा होता हे खरे, परंतु त्यातून प्रांतोप्रांतीच्या ग्रंथांची नोंद आपोआप तयार झाली. १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा अधिनियम अमलात आला आणि जुना रद्द झाला. नवा अधिनियम नियतकालिकांपुरताच असून पुस्तके व शैक्षणिक स्वरूपाची संशोधनपत्रे त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

याचा परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. पुस्तकाची प्रत सार्वजनिक संग्रहात पोहोचावी यासाठी आता मुख्यतः १९५४ च्या ग्रंथवितरण अधिनियमाचाच आधार उरतो. त्यानुसार प्रकाशकाने प्रसिद्धीपासून तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने चार प्रती पाठवावयाच्या असतात : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कन्नेमारा ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. कोलकात्याची प्रत उत्तम कागदावरील व पूर्ण बांधणीची असावी लागते. ग्रंथालयाने लेखी पोच द्यावयाची असते. न पाठविल्यास पन्नास रुपयांपर्यंत व शिवाय पुस्तकाच्या किमतीएवढा दंड सांगितला आहे. इतक्या किरकोळ दंडाचा धाक कोणाला वाटणार?

धाक नसला तरी तोटा आहे, आणि तो लेखकाचाच आहे. १९५८ पासून निघणारी भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची कोलकात्यास आलेल्या याच प्रतींच्या आधारे तयार होते. आयएसबीएन घेतलेले परंतु प्रत न पाठविलेले पुस्तक या सूचीत येण्याचा मार्गच राहत नाही. मराठीपुरते बोलावयाचे तर शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची एकट्याच्या परिश्रमाने सिद्ध केली व पुढे १९५० पर्यंतचा खंड दिला. आजच्या ग्रामीण प्रकाशनांसाठी असा कोणी दाते उभा राहील, या भरवशावर राहता येणार नाही.

स्वामित्वहक्काविषयी थोडक्यात

१९५७ च्या अधिनियमानुसार स्वामित्वहक्क लेखनाबरोबरच निर्माण होतो व लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. वाद उद्भवल्यास ती पुराव्याच्या कामी येते. आयएसबीएनमुळे हा हक्क मिळतही नाही आणि सिद्धही होत नाही.

चार प्रतींचे मोल

तीनशे प्रती छापणाऱ्या लेखकास चार प्रती व त्यांचा टपालखर्च जड वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले, हे या परिसरातील वाचकांना सांगावयास नको. तळमजल्यावरच्या खोलीत गठ्ठे बांधून ठेवलेली आवृत्ती अशा एका रात्रीत संपू शकते. तेव्हा पुस्तक बांधणीहून येताच पहिल्या चार प्रती विक्रीसाठी अथवा प्रकाशन समारंभासाठी न ठेवता या चार ग्रंथालयांसाठी बाजूला काढाव्यात, आणि त्यांच्या पोचपावत्या आयएसबीएनच्या पत्रासोबत एकाच फाइलमध्ये लावाव्यात. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी परिसरातील लेखकांसाठी हे काम आपल्याकडे घेतले तर वर्षाकाठी त्यास चार-पाच दुपारींहून अधिक वेळ लागणार नाही.