अन्ननलिकेंतील काळी गांठ

मेलॅनोमा म्हटला म्हणजे त्वचेवरील काळा तीळ डोळ्यांपुढें येतो. कारण त्वचेस रंग देणाऱ्या रंजकपेशींपासून हा कर्करोग उद्भवतो. मग सूर्यकिरण जेथें कधींच पोंचत नाहींत, त्या अन्ननलिकेंत तो कसा व्हावा? बाउर यांनीं असा रोगी १९०६ सालीं नोंदला, तरी ही शंका पुष्कळ काळ राहिली. १९६३ सालीं शंभर शवांच्या तपासणींत चारांच्या अन्ननलिकेंत रंजकपेशी सांपडल्या, तेव्हां तिचें निरसन झालें. मात्र रोग अति दुर्मिळ. अन्ननलिकेच्या हजार कर्करोगांत एखाददुसरा.

लक्षणें नेहमींच्या कर्करोगाचींच: घास अडकणें, छातीच्या मध्यभागीं दुखणें, वजन घटणें. दुर्बिणीनें पाहतां नलिकेच्या मध्य किंवा खालच्या भागांत काळसर, लोंबती गांठ दिसते. परंतु रंगावर भिस्त ठेवतां येत नाहीं. कांहीं गांठी रंगहीन असतात. शिवाय गांठीवर पुष्कळदां निरोगी अस्तर पसरलेलें असल्यानें वरवर काढलेला तुकडा फसवतो. सूक्ष्मदर्शकाखालींहि रंगहीन पेशी साध्या कर्करोगासारख्या भासतात. म्हणून तुकड्यावर विशिष्ट प्रतिद्रव्यांची परीक्षा करतात. एस-१००, एचएमबी-४५ व मेलन-ए यांच्या खुणा उमटल्या आणि केराटिनाची उमटली नाहीं, तर मेलॅनोमा ठरतो.

पुढचा प्रश्न असा, कीं ही गांठ तेथलीच, कीं अन्यत्र उगवून तेथें आलेली? त्यासाठीं सर्व त्वचा, डोळे, गुदद्वार हीं तपासतात आणि पूर्वीं एखादा तीळ काढला होता काय, हें विचारतात. गांठीलगतच्या अस्तराच्या तळाशीं रंजकपेशींची विकृत वाढ दिसल्यास ती तेथलीच, या मतास बळकटी येते.

हा काटेकोरपणा केवळ नांवासाठीं नव्हे. साध्या कर्करोगावर किरणोपचार व रसायनें यांचा पुष्कळ उपयोग होतो. मेलॅनोम्यावर तो अल्प. येथें रोग पसरला नसेल तर शस्त्रक्रिया, आणि पसरला असल्यास शरीराची प्रतिकारशक्ति जागविणारीं नवीं औषधें, हा मार्ग. निदान चुकलें तर उपचारहि चुकतो, आणि हा रोग त्वरेनें पसरणारा असल्यानें गेलेला काळ परत मिळत नाहीं.

म्हणून घरांतील वडीलधारें मनुष्य प्रत्येक घासामागें पाण्याचा घोट घेऊं लागलें, भाकरी सोडून पेजेवर आलें, तर ‘वयच झालें’ म्हणून स्वस्थ बसूं नये. कारण बहुधा साधेंच निघेल. परंतु तें दुर्बिणीनें ठरवावें, अंदाजानें नव्हे.