नैराश्य: ओळख आणि बोलून होणारे उपचार

मन सतत उदास असणे किंवा आवडत्या गोष्टींतला रस संपणे, यांपैकी एक तरी लक्षण जवळजवळ रोज, किमान 2 आठवडे टिकले, तर नैराश्याची शंका घ्यावी. सोबत झोप व भूक बिघडते, थकवा येतो, लक्ष लागत नाही, स्वतःला दोष दिला जातो. अनेक रुग्ण डॉक्टरांना फक्त अंगदुखी सांगतात. घरचे त्यांना आळशी ठरवतात किंवा बाहेरची बाधा शोधतात, आणि मोलाचे महिने वाया जातात.

सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यात ‘संगथ’ संस्थेने बोलून होणाऱ्या उपचारांची चाचणी घेतली. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडले. 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतले 495 रुग्ण त्यात होते. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. कोकणातल्या गावांसाठी हीच सर्वांत आशादायक बाब.

या उपचारामागचा विचार असा: उदास माणूस कामे आणि माणसे टाळतो, त्यामुळे समाधान देणारे प्रसंग घटतात आणि उदासी वाढते. उभारी येण्याची वाट न पाहता, 6 ते 8 भेटींत समुपदेशक लहान कृती ठरवून घेतो. मालवणात ती किनाऱ्यावर फेरी किंवा जाळ्याची दुरुस्ती असू शकेल. चाचणीत 3 महिन्यांनी हे समुपदेशन मिळालेल्या गटातले 64 टक्के रुग्ण सावरले. समुपदेशनाविना केवळ सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात 39 टक्के.

तीव्र आजारात औषधेही लागतात. आत्महत्येचे विचार आल्यास थांबू नये. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीची 14416 ही मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध आहे.