दूर पांगलेल्या मंडळींचा प्रमुख

दसरा होऊन गेला कीं आमच्या मांजरसुंब्याच्या चौकांतून ऊसतोडणीच्या टोळ्या जाऊं लागतात. धुळें-सोलापूर हमरस्त्यास अहिल्यानगराकडून अहमदपुराकडे जाणारा रस्ता येथेंच मिळतो. त्यामुळें बालाघाटावरील किती संसार ट्रॅक्टरमागें बांधले जाऊन परमुलखीं निघाले, हें आम्हांस ओटीवरून दिसतें. २०२० च्या टाळेबंदींत मात्र हा ओघ उलटा वाहिला. गेलेलीं माणसें परत येऊं लागलीं, आणि त्यांतच पुण्याच्या एका कंपनींत सहा जणांच्या गटाचा प्रमुख असलेला आमचा पुतण्याहि संगणक घेऊन घरीं आला. माडीवरच्या खोलींत त्याची कचेरी सुरू झाली. सहांपैकीं दोघे पुण्यास, एक नागपुरास, एक बंगळुरास आणि दोघे आपापल्या खेड्यांत.

आमच्या मातोश्रींनीं पहिल्याच दिवशीं त्यास विचारलें, “अरे, माणसें डोळ्यांपुढें नाहींत, तर तीं काम करतात कीं नाहीं हें तुला कळतें कसें?”

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. आज पुष्कळ घरांतील मुलें व सुना अशा न दिसणाऱ्या मंडळींबरोबर काम करतात. तेव्हां त्याचा थोडा विचार वाचकांसमोर मांडावा असें आमच्या मनांत आलें.

पुतण्याची व्यवस्था चोख होती. रोज दहा वाजतां सर्वांनीं पडद्यावर एकत्र यावयाचें. काल काय झालें, आज काय करावयाचें, कोठें अडलें, हें प्रत्येकानें दोन मिनिटांत सांगावयाचें. जें ठरेल तें लिहून सर्वांस पाठवावयाचें. कोणास कामाच्या तासांतच घरांत आजाऱ्याजवळ बसावें लागे, त्यास सकाळीं लौकर किंवा रात्रीं काम करण्याची मुभा होती. आम्हांस हें सर्व आवडलें. पण एके दिवशीं पानावर बसलों असतां तो सहज बोलून गेला, “काका, आमचा नागपूरचा सहकारी पंधरा दिवस झाले, पडद्यावर तोंड दाखवीत नाहीं, नुसता आवाज येतो. पण काम अगदीं वेळेवर करतो, तेव्हां काळजी नाहीं.”

आमचा घास हातांतच राहिला. हेंच वाक्य बऱ्याच वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतःच्या मनाशीं उच्चारलें होतें.

त्या वेळीं आम्ही एका केंद्रशाळेचे मुख्याध्यापक होतों. केंद्रप्रमुखाची जागा रिकामी असल्यामुळें तो कार्यभारहि आमच्याकडे आला होता. डोंगरांत विखुरलेल्या बारा शाळा; त्यांतील बहुतेक द्विशिक्षकी. एका वस्तीवर नुकताच नेमणूक झालेला एक तरुण शिक्षक होता. दुसरी जागा भरलेली नव्हती, म्हणून चारहि इयत्ता तो एकटाच सांभाळी. पावसाळ्यांत ओढा आला कीं वस्तीचा रस्ता तुटे. तरीहि त्याचें मासिक पत्रक सर्वांत आधीं येई. अक्षर मोत्यासारखें, पटसंख्येंत खाडाखोड नाहीं, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब बिनचूक. गटसंमेलनांत आम्हीं त्याचें पत्रक इतरांस आदर्श म्हणून दाखविलें. त्या दिवशीं तो मान खालीं घालून बसला होता. आम्हांस तो विनय वाटला.

भाद्रपदांत त्याचा राजीनामा आला. आम्ही घाईनें वस्तीवर गेलों, तेव्हां तो सामान बांधीत होता. त्याची पत्नी बाळंतपणानंतर दूर माहेरीं आजारी पडली होती, रजेचा अर्ज करावा तर शाळा बंद पडते, आणि संध्याकाळीं बोलावयास वस्तीवर ओळखीचें माणूस नाहीं. आम्हीं म्हटलें, “अरे, एक शब्द तरी बोलावयाचा होतास!” तो शांतपणें म्हणाला, “गुरुजी, आठ महिन्यांत आपण तीन वेळां आलांत. तिन्ही वेळां हजेरीपट पाहिलात. मी जेवतों कोठें, हें एकदांहि विचारलें नाहींत.”

त्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. त्यानें राजीनामा मागें घेतला नाहीं. एक चांगला शिक्षक गेला, आणि ती शाळा पुढें दीड महिना बंद राहिली.

त्यानंतर आमच्या शेजारच्या एका मुकादमाकडून आम्ही जें शिकलों तें शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आम्हांस मिळालें नव्हतें. नवराबायकोचा मिळून एक कोयता. अशा बारा कोयत्यांची टोळी घेऊन तो दरवर्षीं पश्चिम महाराष्ट्रांत जाई. मुकादमी म्हणजे पुण्यकर्म नव्हे. उचलीच्या कर्जानें माणूस कसा जखडला जातो हें आम्हीं आमच्या जिल्ह्यांत डोळ्यांनीं पाहिलें आहे, आणि त्याचें समर्थन कोणींहि करूं नये. पण या गृहस्थाची एक गोष्ट घेण्याजोगी होती. टोळींतील कोणाचें लेकरूं गांवीं म्हाताऱ्यांपाशीं आहे, कोणाची आई अंथरुणास खिळली आहे, हें त्यास तोंडपाठ असे. रोज रात्रीं पालावर फिरून तो प्रत्येकास घरीं फोन लावून देई. टाळेबंदींत टोळ्या कारखान्यांच्या तळांवर अडकल्या आणि एप्रिलांत परवानगी मिळेपर्यंत तेथेंच राहिल्या, तेव्हांहि त्याची ही फेरी चुकली नाहीं. आम्हीं कारण विचारतां तो म्हणाला, “गुरुजी, किती मोळ्या झाल्या ते आपसूक दिसतंय. मानूस इचारल्याबिगर दिसत न्हाई.”

हाच विचार सुशिक्षितांच्या एका थोर संस्थेच्या रचनेंतहि आम्हांस आढळतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १२ जून १९०५ रोजीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. सभासद मोजके, पण कार्यक्षेत्र सारा देश. देवधर पुण्यास सेवासदनाच्या कामांत, नारायण मल्हार जोशी मुंबईच्या कामगारांत, हृदयनाथ कुंझरू प्रयागास, ठक्करबाप्पा पुढें दाहोदकडील भिल्लांत. इतक्या अंतरावरचीं माणसें एका सूत्रांत राहावीं कशीं? नवीन सभासदानें पांच वर्षें उमेदवारी करावी आणि त्यांतील बराच काळ पुण्यास राहून अभ्यास करावा, असा नियम होता. कोणाशींहि वैयक्तिक कलह न करण्याची प्रतिज्ञा प्रत्येकास घ्यावी लागे. १९१५ च्या फेब्रुवारींत गोखले निवर्तले. पण समाज विस्कटला नाहीं, श्रीनिवास शास्त्री यांच्या अध्यक्षतेखालीं काम चालूं राहिलें. आमच्या समजुतीप्रमाणें यांतील मर्म हें कीं, आधीं एकत्र राहावें आणि मग दूर जावें. एका पंक्तीस जेवलेल्या माणसाचें तुटक पत्रहि आपण समजून घेतों. न पाहिलेल्याचें साधें पत्रहि उद्धट वाटतें.

यावरून दूरच्या मंडळींच्या प्रमुखानें पाळावयाच्या चार गोष्टी आम्ही सुचवितों. कामाच्या निरोपाखेरीज आठवड्यांतून एकदां प्रत्येकाशीं एकट्याशीं बोलावें. मतभेद झाल्यास तो लिहून वाढवूं नये, आवाज ऐकून मिटवावा. वर्षांतून एकदां तरी सर्वांस एकत्र जेवावयास बसवावें. आणि जो कधींच तक्रार करीत नाहीं, त्याची चौकशी सर्वांत आधीं करावी. मुलें चार शहरीं पांगलेल्या एकत्र कुटुंबाच्या कर्त्या पुरुषासहि हें तितकेंच लागू आहे. दर महिन्यास पैसे येतात, एवढ्यावरून मुलगा सुखांत आहे असें समजूं नये.

आमची हकीकत ऐकून पुतण्या पानावरून उठला तो थेट माडीवर गेला. त्यानें पडदा लावला नाहीं, साधा फोन केला. पाऊण तासानें खालीं आला. नागपूरच्या त्या सहकाऱ्याचे वडील अर्धांगवायूनें अंथरुणास खिळले होते; दिवसभर त्यांचें करून तो रात्रीं जागून काम पुरें करीत होता, आणि तारवटलेले डोळे कोणास दिसूं नयेत म्हणून पडद्यावर येत नव्हता. त्याचें काम पाठीमागच्या पंधरवड्याप्रमाणें पुढेंहि वेळेवर झालें, पण तें पांच जणांनीं वांटून घेतलें होतें.

मातोश्रींनीं विचारलें, “एवढा वेळ काय बोलत होतास रे?”

“कांहीं नाहीं, आजी,” तो म्हणाला, “जेवलास का, एवढेंच विचारलें.”